टंकलेखकाच्या बोटांवरील आरोप

अधिक सोयीचे साधन हाताशी असूनही माणसे जुन्यालाच चिकटून राहिली, की त्याचे खापर ‘सवयी’वर फोडण्याची आपल्याकडे रीत आहे. सवय म्हणजे आळस, असा गर्भित आरोप त्यात असतो. तो किती उथळ आहे, हे टंकलेखनाच्या कळफलकावरून ध्यानात यावे.

शोल्स यांचे टंकयंत्र बंदुका बनविणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये अमेरिकेत बाजारात आणले. त्यातली इंग्रजी अक्षरांची मांडणी लवकरच रूढ झाली. १९३६ मध्ये ड्वोरॅक व डीली यांनी बोटांची धावपळ कमी करणाऱ्या मांडणीचे पेटंट घेतले. तिच्या लाभाविषयी वाद झाले. ती रुजली मात्र नाही. आज यंत्रातले लोखंडी दांडे गेले, तरी मोबाईलच्या काचेवर अक्षरे जुन्याच जागी आहेत.

मराठीची कथा अधिक बोलकी आहे. टंकयंत्रावर ‘कि’ उमटवायचा तर आधी वेलांटी, मग ‘क’. उच्चाराच्या नेमके उलट! संगणकासाठी आलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत, जिला १९९१ च्या भारतीय मानकात स्थान मिळाले, मुख्यतः स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला आहेत. लेखन उच्चाराच्या क्रमाने होते. तर्काच्या कसोटीवर ती सरस आहे. तरीही संगणकावर रेमिंग्टनची मांडणी चालूच राहिली, आणि आधी दाबलेली वेलांटी मागाहून जागेवर नेण्याचे काम आज्ञावलीला करावे लागले.

याला जडत्व म्हणावे काय? महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या शासकीय पदासाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र चालते. तालुक्याच्या गावी फी भरून, यंत्रासमोर पाळी लावून कमावलेला हा वेग, हेच एखाद्या गरीब घरच्या मुलीचे सारे भांडवल. नवी मांडणी शिकताना तो काही काळ घटणारच; टेबलावरच्या फायली मात्र घटत नाहीत. साहेबाची बोलणी तिनेच खायची आणि संध्याकाळी उशिरापर्यंत तिनेच बसायचे. सुधारणेचा लाभ कचेरीला आणि शिकण्याचा भुर्दंड बोटांना, अशी वाटणी असेल तर बोटे जुन्या जागी परतली यात नवल कसले? परिपत्रक काढणाऱ्याला सहसा स्वतः टंकलेखन करावे लागत नाही, हेही विसरू नये.

तेव्हा नव्या मांडणीचा आग्रह धरणाऱ्यांनी प्रथम कामाच्या वेळेत, पूर्ण पगारावर आणि कामाचा बोजा तेवढ्यापुरता हलका करून शिकविण्याची तरतूद करावी. कर्मचारी संघटनांनीही ही मागणी लावून धरावी. एवढे करूनही बोटे जुन्याच कळांकडे वळली, तर सवयीला दोष देण्याचा विचार करता येईल.