बॅटरीची तार, सोळाशे रुपयांची बचत आणि प्रमाद



मागच्या आषाढात एका रात्री साडेअकराला यांच्या छातीत दुखू लागले. अलोऱ्याहून चिपळूण वीसेक किलोमीटर, बाहेर धो धो पाऊस, मुलगा पुण्याला. मी यांना गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. नुसता 'टक्' असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. समोरचे दिवे लागत होते आणि स्टार्टर मारला की मालवत होते. शेवटी शेजारच्या भाऊंना उठवले. त्यांनी आपली गाडी काढली म्हणून आम्ही दवाखान्यात पोहोचलो. हे आता बरे आहेत. पण त्या वेळी अंगणात गेलेला अर्धा तास मी विसरू शकत नाही, कारण तो माझ्या काटकसरीने घालवला होता.

झाले होते असे. चैत्रात बॅटरीच्या तारेचे टोक हिरवे पडून तुटले. मेकॅनिकने पूर्ण तार बदलायचे अठराशे रुपये सांगितले. मी कॉमर्सची पदवीधर, घरचा हिशोब चाळीस वर्षे मीच लिहिते. म्हटले, टोक तुटले म्हणून अख्खी तार कशाला टाकायची? दोनशेत टर्मिनल आणि सोल्डरची तार आणली. यांनी पकडीने दाबले, मी वरून सोल्डर वितळवून ओतले. वहीत लिहिले, 'बचत १६००'. आषाढात तोच सांधा सुटला.

ही हकीकत सांगितली की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक, 'बायकांनी गाडीत हात घालूच नये.' दुसरा, 'अशा कामात पैसे वाचवूच नयेत.' मला दोन्ही पटत नाहीत. चांगली तांब्याची तार टोकाच्या चार बोटांसाठी फेकणे हे अपरिग्रहात बसत नाही. हे काम घरी करावे आणि स्वस्तातच करावे. फक्त स्वस्त कुठे चालते आणि कुठे नाही, हे समजून करावे. मला ते समजले नव्हते.

आधी हिशोब बघा. छोटी गाडी सुरू होताना स्टार्टर दीडशे अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. सांधा ढिला असेल आणि त्याचा अडथळा ओहमच्या शंभराव्या भागाइतकाच असेल, तरी दीडशेने गुणल्यावर दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. बॅटरी मुळात १२ व्होल्टची, त्यातही भार पडला की तिचा दाब उतरतो. त्यातून दीड गेले तर स्टार्टरला काय उरणार? दिव्यांना थोडीशीच वीज लागते, म्हणून ते लागतात आणि आपल्याला वाटते बॅटरी ठीक आहे. आमच्या जवळ कोळकेवाडीला कोयनेच्या तिसऱ्या टप्प्याचे ३२० मेगावॅटचे वीजघर आहे, आणि माझी गाडी दीड व्होल्टपायी दारात उभी राहिली.

आता सांध्याचे. सोल्डरने तार घट्ट बसते हा माझा समज चुकीचा होता. साधे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते. सांधा आत ढिला असला की तो तापतो, आणि तापला की सोल्डर मऊ पडते. शिवाय ते बारीक तारांमध्ये वर चढते आणि तार तिथे काडीसारखी ताठ होते. गाडीच्या थरथरीने ती नेमकी त्याच ठिकाणी तुटते. खरा सांधा दाबाचा. तांब्याच्या नळीत तार घालून इतकी दाबायची की आत हवा राहत नाही आणि तारा एकमेकींना व नळीला भिडून एकजीव होतात. साध्या पकडीने एवढा दाब येत नाही. त्याला हायड्रॉलिक क्रिंपिंगचे यंत्र लागते किंवा हातोड्याने ठोकायचा क्रिंपर.

ते यंत्र विकत घेऊ नका. वर्षातून एकदा लागणारी वस्तू घरात ठेवणे हाही परिग्रहच. मोठ्या वायरिंगची कामे करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे ते असते. तार काढून त्याच्याकडे न्यायची आणि दाबून आणायची. मी दुसऱ्यांदा तसेच केले. त्याने पन्नास रुपये घेतले. थिंबल, टर्मिनल, स्लीव्ह धरून एकूण तीनशे चाळीस. बाकी सगळे काम घरी.

कृती अशी.

काम दिवसा करा. उजेडाला येणारे किडे वाचतात आणि आपल्यालाही नीट दिसते. गाडी बंद, किल्ली बाहेर. हातातल्या बांगड्या, अंगठी, गळ्यातले काढून ठेवा. आधी काळी म्हणजे वजा खुणेची तार सोडवा, मग लाल. उलटे केले आणि लाल सोडवताना पान्हा गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ काडी, मेणबत्ती, उदबत्ती काही नको.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर कोरडा खरवडू नका, त्यात शिसे असते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने धुवा. ते पाणी बॅटरीच्या बुचातून आत जाऊ देऊ नका. खाली टोपली किंवा ट्रे ठेवा. मुंग्यांच्या वारुळावर किंवा तुळशीच्या मुळाशी ते पाणी ओघळू देणे ही सरळ हिंसा. हातात रबरी मोजे घाला. यातले भांडे, चमचा, ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात आणायचा नाही. साबणाने हात धुतल्याशिवाय पिठाला हात लावायचा नाही.

तार कापताना चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे या. आपल्याकडच्या दमट हवेत पाणी आवरणाच्या आतून वर चढते आणि तांबे काळे पडते. काळ्या तांब्यावर कितीही दाबले तरी सांधा चांगला होत नाही. २०२१ साली २२ जुलैला चिपळूण पुराखाली गेले, तेव्हा ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांनी तर हे आवर्जून तपासावे. कापून तार ताणावी लागेल इतकी आखूड होत असेल, किंवा आत काळेच सापडत असेल, तर पूर्ण तार बदला. तिथे अठराशे वाचवू नका.

थिंबल तांब्याचीच, वर कथिलाचा मुलामा असलेली घ्या. ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण तांब्याशी जोडून ओल लागली की ती झिजते. तार पंचवीस चौरस मिलिमीटरची असेल तर थिंबलही पंचवीसचीच. मोठी घेऊन आत तारेचे तुकडे कोंबू नका. दाबून आणल्यावर दोन्ही हातांनी जोरात ओढून बघा. जराही हलली तर पुन्हा करून घ्या. वर गोंदाची हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, पण ती तापवण्याचे काम तार गाडीपासून लांब नेऊन करा.

टर्मिनल घेताना जुने दुकानात न्या. बॅटरीचा अधिक खुणेचा खांब वजा खांबापेक्षा किंचित जाड असतो, आणि काही गाड्यांचे दोन्ही खांब बारीक असतात. लावताना आधी लाल, शेवटी काळी. घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. मग मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या खांबाच्या डोक्यावर, दुसरी थिंबलवर धरा आणि कुणाला तरी गाडी सुरू करायला सांगा. त्या क्षणी आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली हवा. माझा ०.०४ आला.

पत्र्याखाली दोन स्क्रूंनी तार दाबायचे तयार टर्मिनल मिळते. ते वाटेत अडल्यावर घरी पोहोचण्यापुरते ठीक, कायमचे नको. वजा टर्मिनलवर छोटी डबी आणि बारीक वायर दिसली तर तो सेन्सर आहे, तिथे हात लावू नका. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीच्या नारिंगी तारांना तर अजिबात नाही.

आता मनातले. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडलेली आहे. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक प्रमादचर्या. पाणी वाया घालवणे, उगाच झाडाची पाने तोडणे यात मी प्रमाद शोधत आले. पाणी गाळून घेते, सूर्यास्तानंतर जेवत नाही. पण अर्धवट माहितीवर सांधा जोडून, 'चालतंय की' म्हणून त्यावर घरच्यांचा जीव सोपवणे हाही प्रमादच, हे मला त्या रात्री कळले. मुनिराज पिंछीने जागा झाडून मगच कमंडलू खाली ठेवतात. आपण त्यातले निदान एवढे घेऊ या, की हातातली वस्तू खाली ठेवण्याआधी एकदा नीट बघायचे. चैत्रात मी तार एकदा ओढून बघितली असती तर ती तेव्हाच हातात आली असती.

काटकसर आपल्या घरांचा चांगला गुण आहे, तो सोडा असे मी म्हणणार नाही. आवरणावर, मजुरीवर, न लागणाऱ्या यंत्रावर जरूर वाचवा. सांध्यावर नको. आणि घरातल्या सुनांना, मुलींना हे शिकवा. निदान 'टक्' आवाज आणि मालवणारे दिवे याचा अर्थ त्यांना कळला पाहिजे.

जुन्या वहीतली 'बचत १६००' ही ओळ मी खोडलेली नाही. तिच्यासमोर तारीख घालून लिहिले आहे, 'ही बचत नव्हती'. खाली नवीन नोंद आहे, 'खर्च ३४०, ओढून पाहिले.'

जय जिनेंद्र.