कोंबडी खुशाल भाजा, पण सळई बघून घ्या

थंडी पडली की आपल्या वस्तीतली पोरं गल्लीच्या तोंडाशी विटा रचतात, भंगारातून पाईप आणतात, त्यात आख्खी कोंबडी ओवतात आणि निखाऱ्यांवर फिरवत भाजतात. आपल्यातल्याच काही शिकलेल्या मंडळींना हे बघवत नाही. "रस्त्यावर काय हे!" म्हणतात. मला त्यांचं पटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आख्खी कोंबडी भाजायची कुठे? आणि मांस खाण्याची लाज कशाला? आपल्या कितीतरी बायामुलींच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांच्या ताटात मांसाचा तुकडा पडायलाच हवा. माझं भांडण आहे ते त्या पाईपाशी.

भंगारातला पांढरट चमकणारा पाईप बहुधा नळाचा जीआय पाईप असतो. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त साधारण ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, फुललेले निखारे त्याहून जास्त तापतात. मुलाम्याचा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. वेल्डिंग करणाऱ्यांना विचारा, त्यांना हा ताप ठाऊक आहे. शिवाय दही-लिंबू लावलेल्या मांसात जस्त उतरतं ते वेगळंच. रंग दिलेली सळई नकोच. स्लॅबच्या सळईच्या खाचांत गंज बसतो, तो घासून निघत नाही.

स्टेनलेस स्टीलची सळई घ्या, शक्यतो चौकोनी. गोल सळई नुसतीच फिरते, कोंबडी जागची हलत नाही. फॅब्रिकेशनवाला एक टोक दोनदा काटकोनात वाकवून देतो, झालं हँडल. खांबावरून वायर ओढून मोटर लावू नका. हातानंच फिरवा, आणि ते बाप्यांनी फिरवावं! दीड किलोच्या कोंबडीला सव्वा-दीड तास लागतो. वर्षभर चुलीपुढं राबणाऱ्या बाईला तेवढा वेळ खुर्चीत बसू द्या. फिरवणारा मात्र प्यायलेला नसावा.

तंगड्या-पंख सुती दोऱ्यानं घट्ट बांधा, वजन दोन्हीकडं सारखं ठेवा. नाहीतर जड बाजू खाली लोंबते, ती करपते आणि दुसरी कच्ची राहते. निखारे बरोबर खाली न ठेवता बाजूला सारा, म्हणजे चरबी गळून भडका होत नाही. काळं करपलेलं काढून टाका. मांडीच्या सांध्यात सुरी घाला, लालसर पाणी आलं तर अजून फिरवा. कच्च्या कोंबडीनं लागलेली हगवण लहान लेकराला फार महागात पडते.

जळणाला बाभळीचं लाकूड किंवा कोळसा. प्लायवूड, रंगाची जुनी दारं, टायर यांचा विषारी धूर त्याच मांसावर बसतो. शहाबादी फरशीवर जाळ करू नका, ती तडकून उडते.

कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. जळीत वॉर्डात ती खरवडून काढताना पेशंट किती ओरडतो ते आम्हा नर्सेसना माहीत आहे.

उरलेल्या निखाऱ्यांचं घमेलं ऊब म्हणून खोलीत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. निखाऱ्यांवर पाणी ओता, राख ढवळून पुन्हा ओता. सकाळी त्याच गल्लीतून पोरं अनवाणी पळतात.