माझं गणित कच्चं!

गणित कच्चं असणं हा आपल्याकडे घराण्याचा वारसा समजतात, टकलासारखा किंवा मधुमेहासारखा. प्रगतिपुस्तक हाती पडलं की आई म्हणते, "जाऊ द्या, आमच्या माहेरी कुणाचंच गणित धड नव्हतं." आणि हीच माउली संध्याकाळी मंडईत सव्वा किलो मटाराचा हिशेब तोंडानं करून भाजीवाल्याची तीन रुपयांची चूक काढते!

पण आपलं गणित कच्चं आहे हे मुलांना कळतं कसं? तुम्ही म्हणाल, मार्कांवरून. मुळीच नाही. माझी भाची आठवीत आहे. सहामाहीत तिला गणितात 72 मार्क पडले आणि ती म्हणाली, "मावशी, मला गणित येतच नाही गं." त्याच जिन्यावरच्या, दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या, तिच्याच वयाच्या चिरंजीवांना 58 पडले. स्वारीच्या मते गणित म्हणजे डाव्या हातचा मळ!

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात काम करणाऱ्या हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी हे कोडं 1980 नंतरच्या दशकात उलगडून दाखवलं. मूल स्वतःला दोन मापं लावतं. एक वर्गातल्या इतरांचं. छोट्या तळ्यातला मासा स्वतःला मोठा समजतो, तसं. दुसरं आपल्याच बाकीच्या विषयांचं. भाचीच्या वर्गात नव्वदीपुढच्या मुलींची रांग लागलेली, शिवाय मराठीत तिला 91. चिरंजीव त्यांच्या वर्गात गणितात तिसरे, आणि इतर विषयांत चाळिशी गाठताना त्यांना धाप लागते. म्हणजे हिशेब दोघांचाही बरोबर. फक्त भागाकार वेगवेगळ्या संख्यांनी केलेला!

देशांचीही हीच तऱ्हा. 2019 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जपानच्या आठवीच्या मुलांची सरासरी 594 आली. मध्यबिंदू होता 500. पण गणितातल्या आत्मविश्वासात तीच मुलं अगदी तळाच्या रांगेत.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण 2010 साली अमेरिकेत पहिली-दुसरीच्या 17 शिक्षिकांच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाईंना स्वतःलाच गणिताची धास्ती, त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेरीस 'गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं' असं मानण्याकडे अधिक झुकल्या, आणि तसं मानणाऱ्या मुलींचं गणितही मागे पडलं. वर्षाच्या सुरुवातीला असा काही संबंध दिसत नव्हता. मुलग्यांवर तर शेवटपर्यंत परिणाम नाही. आता 'आमच्या माहेरी'वाल्या मातांनी यावरून काय समजायचं ते समजावं. माझ्या बहिणीनं तर अकरावीला गणित नको, असं आत्ताच ठरवून टाकलंय. मी म्हटलं, "ठरव खुशाल, पण त्या 72 मार्कांच्या नावावर नको. पोरीला आणखी दोन वर्षं दे." ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तिच्यासाठी मी एक गोष्ट राखून ठेवली आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले. नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, दहा नारळांचे किती? एकाचे 35. तिनांचे 105 त्याच्या तोंडावर होते. त्यात आणखी तिनांचे, पुन्हा तिनांचे, वर एकाचे, असं करत तो 350 वर पोचला. दहानं गुणायचं तर पुढं शून्य द्यावं, ही शाळेची युक्ती त्यानं वापरलीच नाही. बाजारात या मुलांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. मग तशीच गणितं नुसत्या आकड्यांत मांडून त्यांच्यापुढे ठेवली. बरोबर आली 37 टक्के. मुलं तीच होती.