रंग तुम्ही मारा, हवा त्यांना भरू द्या

अमेरिकेत जुना ट्रक गॅरेजमध्ये नवा करणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, "सगळं घरीच केलं!" चाकं रंगवलीत, कौतुकच आहे. गंज खरवडा, प्रायमर मारा, वर इनॅमल. वीकेंड मस्त जातो.

पण १९५०-६० च्या दशकांतल्या बऱ्याच ट्रकांची रिम अखंड नसते. टायरला जागेवर धरते ती एक लोखंडी रिंग. हवा भरताना तिच्यावर काही टनांचा जोर येतो. खाचेत गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला तर ती नीट बसत नाही, आणि उडाली तर समोरच्याचा जीव घेते.

म्हणून तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने १९८० मध्ये नियम केला: टायर चढवला की असं चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची. नियम मालकांसाठी आहे. घरच्या गॅरेजमध्ये विचारणारं कोणी नाही. म्हणजे पगारी मेकॅनिकला पिंजरा आणि हौशी माणसाला यूट्यूब! याला स्वावलंबन म्हणत नाहीत राव.

रंगवलेलं चाक दुकानात न्या. तिथे पिंजरा नसेल, तर दुसरं दुकान शोधा.