रोजा आणि पोटाची लाज

रमजानचे आठ-दहा रोजे झाले की खामगाव-मलकापुरात जुलाबाची गोळी हळू आवाजात मागणारे वाढतात. रोज पोट साफ झालेच पाहिजे, हा जुना समज. संशोधन सांगते, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळे सामान्यच. गोळीने अंगातले पाणी जाते, तेही रोज्यात! इसबगोल बरा, पण इफ्तारनंतर, भरपूर पाण्यासोबत. पाणी कमी पडले तर तोच अडकतो. भज्यांशेजारी पपईही असू द्यावी.

शौचात रक्त दिसले, तर मात्र ईदची वाट पाहू नये. घरातल्या बायका हे लपवतात, रोजा सोडावा लागेल म्हणून. सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. सहरीच्या दस्तरखानावर ती घरातल्या पुरुषांनीच आधी बोलून दाखवावी.