किटली आमची, पेन्शन कोणाची?



सीमेवर ठिणगी पडली की सरकारला रेल्वे कामगार आठवतो. १९७१ च्या युद्धात जबलपूर-इटारसी मार्गावर मिलिटरी स्पेशल धावत होत्या. भेडाघाटसारख्या लहान स्टेशनावर गाडी सिग्नलला थांबली की क्वार्टरमधल्या आयाबहिणी चहाची किटली, पुऱ्या, भाजी घेऊन फलाटावर धावत, असे आमचे निवृत्त पॉइंट्समन आणि गँगमन सांगतात. हुकूम कोणाचा नव्हता. बिल कोणी लावले नाही. रेशनची साखर गेली ती गेली. जवान खिडकीतून पोस्टकार्डे हाती देत आणि ती घरी पोचवणारे आमचे पोस्टमन बंधूच.

चहा पाजण्यावरच आम्ही थांबलो नव्हतो. खमारियाचा दारूगोळा वॅगनमधून कोणी नेला? ९ सप्टेंबर १९६५ रोजी राजस्थानात गडरा रोडला १७ रेल्वे कामगार शहीद झाले. त्यांच्या हाती बंदूक नव्हती.

आणि १९७१ ला तीन वर्षेही झाली नव्हती, तोच ८ मे १९७४ ला याच कामगारांनी आठ तासांची ड्युटी आणि बोनस मागितला, तेव्हा ते एका रात्रीत देशद्रोही ठरले! हजारोंना तुरुंगात डांबले, बायकापोरांना क्वार्टरबाहेर काढले. किटली घेऊन धावणाऱ्या त्याच आयाबहिणी. पुढे १९७९ ला बोनस द्यावाच लागला, ही गोष्ट वेगळी.

आता पेन्शन. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याची जुनी पेन्शन काढून घेतली. सैन्यदलांची कायम ठेवली, आणि ठेवलीच पाहिजे. त्याबद्दल आमचा एक शब्द वाकडा नाही. पण त्या जवानाची गाडी रात्री दोनला पास करणाऱ्याने काय गुन्हा केला? एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन आली, तिचे ढोल वाजले. तिच्यातही पगारातून दहा टक्के कपात आहेच, आणि निम्म्या पगाराच्या पेन्शनसाठी पंचवीस वर्षे भरावी लागतात. जुन्या पेन्शनला कामगाराचा एक पैसा कापला जात नव्हता. आम्ही आधी लागलो म्हणून वाचलो. आमच्या हाताखाली कीमनकी शिकणाऱ्या पोरांनी काय करायचे?

उद्या पुन्हा स्पेशल आली तर किटली घेऊन आम्ही जाऊच, त्याला सर्क्युलर लागत नाही. मात्र फलाटावर हार घेऊन येणाऱ्या पुढाऱ्याला तिथेच, जवानांसमोर, हा पेन्शनचा सवाल विचारायचा. प्रत्येक शाखेने या महिन्याच्या सभेत तसा ठराव करून फेडरेशनकडे पाठवावा.