प्लास्टिकच्या मोटारी आणि पांढरपेशांचे हात

आमच्या सुशिक्षित वर्गात एक चमत्कारिक समजूत रूढ होऊन बसली आहे. मुलाने दहा वर्षांचा होईपर्यंत मोटारींशी खेळावे आणि तिशी गाठल्यावर खरी मोटार हप्त्यांनी घ्यावी, यात कोणास काही वावगे दिसत नाही. परंतु मधल्या किंवा पुढल्या वयात कोणी गृहस्थ टेबलाशी बसून, हाती चिमटा व कानस घेऊन, प्लास्टिकच्या सुट्या भागांतून वीतभर लांबीची मोटार जुळवू लागला, की घरात कुजबूज सुरू होते. ‘एवढा शिकलेला माणूस, आणि हा काय पोरखेळ!’ असा निकाल सासुरवाडीपासून शेजारापर्यंत सर्वजण देऊन मोकळे होतात. हाच गृहस्थ संध्याकाळचे तीन तास हातातील फोनकडे टक लावून पडून राहिला असता, तर त्यास कोणी अवाक्षरही बोलले नसते. हा निकाल आम्हांस मान्य नाही. आणि तो का मान्य नाही, हे जरा विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यांनी असा संच कधी उघडून पाहिला नसेल त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द. पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक वितळवून मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरतात. ते निवले की साच्यातून एक चौकट निघते, आणि डहाळीला करवंदे लगडावीत तसे तिला मोटारीचे भाग लगडलेले असतात: वरचे कवच, तळ, आसने, स्टिअरिंगचे चाक, इंजिनाचे तुकडे, तांदळाच्या दाण्याएवढ्या दाराच्या मुठी. हे भाग कापून, घासून, रंगवून जोडावयाचे असतात. प्रमाण बहुधा १:२४ किंवा १:२५. सुमारे चार मीटर लांबीची प्रीमियर पद्मिनी या प्रमाणात सोळा सेंटिमीटरांची होते. हे प्रमाण मोठे निर्दय असते. रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका जाड बसला, तर खऱ्या मोटारीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरांचा गिलावा केल्यासारखे ते दिसते. घाई करणाऱ्याचे येथे काही चालत नाही, आणि वशिल्याचे तर मुळीच नाही.

आता पोरखेळाचा आक्षेप घेऊ. या वस्तूंचा इतिहासच त्याच्या उलट साक्ष देतो. १९४९ साली इंग्लंडातील एअरफिक्स कंपनीने फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्लास्टिकची प्रतिकृती काढली, ती ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकांस दाखवावी म्हणून. अमेरिकेतील एएमटी कंपनीचा आरंभही मोटारविक्रेत्यांच्या दुकानांत मांडावयाच्या नमुन्यांपासून झाला, आणि जुळणीच्या संचांमुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९५८ नंतर. जपानात शिझुओका येथील तामिया ही मुळात लाकडाची वखार. ती लाकडी प्रतिकृतींकडे व तेथून १९६० साली प्लास्टिककडे वळली. या घराण्याचे शुनसाकु तामिया यांनी पोर्श मोटारीचा संच काढावयाचा म्हणून खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती खिळाखिळा सुटी करून पाहिली. त्या खटाटोपातून १९७६ साली पोर्श ९३४ चा १:१२ प्रमाणाचा संच बाहेर पडला. ज्या ‘खेळण्या’साठी एक जाणता कारखानदार एवढी किंमती गाडी उलगडून ठेवतो, त्यास पोरखेळ म्हणणारांनी पोरांची योग्यता उगाच वाढविली आहे, एवढेच आम्ही म्हणू.

परंतु आमच्या येथे केवळ सासुरवाडीच असे मानते असे नाही. सरकारी जकातीचे कोष्टकही तसेच मानते. उरणजवळचे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. परदेशातून येणारे असले संच या देशात ज्या दारांनी शिरतात, त्यांपैकी हे एक मोठे दार. तेथे त्यांची नोंद कोणत्या कलमाखाली होते? ९५०३. या एकाच कलमात तिचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या ढकलगाड्या आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती अशी सर्व मंडळी एका पंगतीस बसविली आहेत. खेळण्यांवरील ही जकात २०२० साली शेकडा २० वरून ६० वर नेली आणि २०२३ साली ७० वर. स्वदेशी खेळण्यांस संरक्षण द्यावे, हा हेतू चांगला आहे. त्यास आमचा विरोध नाही. पण ज्या जिनसेचा स्वदेशी धंदा आमच्या येथे धड उभाच राहिलेला नाही, तिच्यावर जकात बसवून संरक्षण कोणाचे होते? खेळणे आणि साधना यांतला भेद ज्या कोष्टकास कळत नाही, ते आमच्याच घरातल्या समजुतीचे सरकारी भाषांतर आहे.

येथे रायगडच्या किनाऱ्याने आपल्याकडे पाहून हसावे अशी गोष्ट आहे. न्हावा-शेव्याहून निघून पेणवरून गोव्याच्या रस्त्याने नागोठण्याच्या पुढे गेले, की आमडोशी येथे सुप्रीम पेट्रोकेमचा कारखाना लागतो. बाहेरून आलेल्या स्टायरीनपासून तेथे १९९५ पासून पॉलिस्टायरीन तयार होत आहे, म्हणजे ज्या द्रव्याच्या या मोटारी बनतात तेच द्रव्य. देशातील या मालाच्या मोठ्या उत्पादकांत त्याची गणना होते. वाटेवर पेण लागते. हमरापूर-जोहे येथल्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बसलेले असतात. केसाएवढ्या कुंचल्याने एका दमात बुबुळाची रेघ ओढणारा तो हात पाहिला, म्हणजे मोटारीच्या काचेभोवतीची रुपेरी कड रंगविणे यास किती सहज साधेल हे सांगावयास नको. द्रव्य येथे, हात येथे, बंदर येथे. नाही ती फक्त आमच्या पांढरपेशा घरांतली इच्छा. आम्ही मूर्ती विकत घेतो, आखणीचे कौतुक करतो, आणि आमच्या मुलाने कुंचला हाती धरला की त्यास अभ्यासास पिटाळतो. शाळेने एखादी प्रतिकृती करून आणावयास सांगितली, तर ती बाजारातून तयार आणून मुलाच्या नावाने खपवितो. या लबाडीस गुणही मिळतात!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो करणारे लोक विचारी असतात. ते म्हणतात, वरसोली-किहीमच्या वाळूत पावसाळ्याच्या भरतीने किती प्लास्टिक येऊन पडते ते पाहा, आणि मग त्याची भलामण करा. आम्ही ते पाहिले आहे. त्या राशीत थर्माकोलचे पांढरे दाणे असतात, आणि थर्माकोल म्हणजे हवेने फुगविलेले हेच पॉलिस्टायरीन. दहा दिवसांच्या उत्सवासाठी मखर, तासाभराच्या जेवणासाठी ताटली, आणि मग खाडी. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने त्यावर बंदी घातली हे उचितच झाले. पण नीट विचार करा. हे द्रव्य कुजत नाही, हा त्याचा दोष मखराच्या बाबतीत आहे. जी वस्तू चाळीस-पन्नास वर्षे टिकावी अशी इच्छा आहे, तिच्या बाबतीत तोच गुण ठरतो. प्लास्टिकचा खरा शत्रू समुद्रावर कचरा वेचणारा जितका आहे तितकाच, मोडलेली प्लास्टिकची वस्तू दुरुस्त करून पुन्हा उभी करणाराही आहे. आणि मोडकी प्रतिकृती दुरुस्त करणे ही या विद्येची दुसरी, आमच्या मते श्रेष्ठ, शाखा होय.

कित्येक घरांच्या माळ्यांवर असे अवशेष सापडतात. आगबोटीवर नोकरीस असलेल्या काकांनी किंवा आखातातून आलेल्या मामांनी आणलेला संच कोणा भाच्याने एका सुट्टीत घिसाडघाईने जुळविलेला असतो. गोंदाचे ओघळ, बोटांचे ठसे, ब्रशाने थापलेला तांबडा रंग, एक चाक गहाळ, समोरची काच पिवळी. हा ऐवज केरात जावयाचा. जाणता मनुष्य मात्र तो हाती घेतो आणि प्रथम काहीच करीत नाही, नुसता पाहतो. मग कोमट साबणपाण्यात धुळीचे थर सोडवितो. रंग उतरविण्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलात कवच बुडवून ठेवतो; नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन वापरले तर रंगाबरोबर मोटारही जाते, हे त्यास ठाऊक असते. सांधे सुटत नसतील तर प्रतिकृती शीतपेटीत ठेवतो. जुना गोंद थंडीने ठिसूळ होऊन हलक्या दाबाने मोकळा होतो. जेथे द्रावकाने जोड केलेला असेल तेथे हा उपाय चालत नाही, कारण ते द्रावक दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. तेथे बारीक करवतच चालवावी लागते. पिवळी पडलेली चिन्हपत्रे खिडकीच्या काचेस लावून काही दिवस उन्हात ठेवली की पुष्कळशी उजळतात. काचेवरचे ओरखडे दंतमंजनाच्या मलमाने घासून जातात. हरवलेला भाग? तो चौकटीच्या उरलेल्या काड्यांतून घडवावयाचा. तीच काडी मेणबत्तीच्या आचेवर मऊ करून ओढली, की केसासारखी तार निघते आणि रेडिओच्या ॲरियलचे काम भागते. तिचेच तुकडे द्रावकात विरघळवून लापशी केली, की भेगा बुजतात. वाया काही जात नाही. आमच्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत त्या काळी कोणी त्यांस पोरखेळ म्हटले नाही.

किनाऱ्यावरच्या माणसास यात आणखी दोन अडचणी सोसाव्या लागतात. आषाढ-श्रावणात फवाऱ्याने लॅकर मारले, तर द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि काळी मोटार ताकासारखी पांढुरकी दिसू लागते. खाऱ्या वाऱ्याने बंपरांवरचा चकचकीत मुलामा डागाळतो, कारण तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो उतरवून नव्याने रुपेरी रंग द्यावा लागतो. यास धीर लागतो. तो पुस्तकांतून शिकविता येत नाही, आणि शिकवण्यांच्या वर्गांत तर तो विकतही मिळत नाही.

येथपर्यंत आम्ही विरोधकांशी भांडलो. आता थोडे या छंदाच्या भक्तांशीही भांडू. त्यांच्यात एक पंथ असा निघाला आहे की जो संच विकत घेतो आणि पेटीचे वेष्टनही फोडीत नाही. जुना व न उघडलेला संच पुढे महाग विकला जाईल, हा त्यातला हिशेब. सोन्याच्या बांगड्या बँकेच्या तिजोरीत ठेवून लग्नाकार्यास खोट्या घालणाऱ्या गृहिणींची आम्हांस आठवण होते. पण सोने निदान तिजोरीत गंजत नाही. जुन्या संचांतील टायर मऊ राहावेत म्हणून त्यांच्या व्हिनाइलमध्ये एक तेलकट द्रव्य घातलेले असते. वर्षानुवर्षे बंद पेटीत टायर चाकास किंवा काचेस टेकून राहिले, की ते द्रव्य पाझरून पॉलिस्टायरीन खात जाते. उष्ण हवेत तर अधिकच. वीस वर्षांनी गिऱ्हाईक मिळते, पेटी उघडते, आणि टायर चाकात रुतून बसलेला दिसतो. दुसरा पंथ धातूच्या तयार मोटारी काचेच्या कपाटात मांडणारांचा. त्यांच्याशी आमचे वैर नाही. मात्र त्यांनी आपणास कारागीर म्हणवून घेऊ नये.

राहिला खर्चाचा मुद्दा. संच महाग आहेत हे खरे, आणि जकातीने ते आणखी महाग झाले हेही खरे. पण जुना मोडका ऐवज बहुधा फुकट किंवा रद्दीच्या भावात मिळतो, आणि त्याच्या दुरुस्तीस कानस, सुरी, कुंचला व सवड यांपलीकडे फारसे लागत नाही. संच परदेशी आहेत, हा आक्षेप मात्र आम्ही अर्ध्यापर्यंत मान्य करतो. आमच्या मुलाने पोर्श आणि फोर्ड किती जुळवाव्या? कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, तिने मुंबईची टॅक्सी म्हणून किती पिढ्यांस धक्क्यावर पोहोचविले असेल! रेवस-मांडव्याच्या लाँचेस गाठणारा प्रत्येक अलिबागकर त्या काळ्या-पिवळ्या गाडीतून उतरलेला आहे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या शहरातून तिचे टॅक्सीपण संपले. तिचा बाजारात सहज मिळेल असा जुळणीचा संच आमच्या पाहण्यात नाही. नागोठण्याचे द्रव्य, पेणचा हात आणि मुंबईची गाडी यांचा मेळ घालील असा कोणी उद्योजक या किनाऱ्यावर निघावा, आणि सरकारनेही निदान तोवर सुट्या भागांच्या संचांस बाहुलीच्या ढकलगाडीपासून वेगळे काढून त्यांवरची जकात उतरवावी, ही आमची मागणी आहे.

तोपर्यंत घराघरांतून करण्याजोगे काम आहेच. माळा साफ करताना तुटकी मोटार सापडली, तर ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी मुलास, आणि मुलीसही, विचारावे. मोठ्या माणसास ती हवी असेल तर त्याची थट्टा करू नये. रंग उतरविणे, सांधे सोडविणे, भाग घडविणे ही कामे पावसात बसून होतात. रंगाचा हात मात्र आश्विन लागून हवा कोरडी झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत द्यावा.